अप्पांनी सांगितलेला सिनेमा

माझे वडील गुरुबसप्पा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. चार साचे एकटे सांभाळायचे. त्यांच्या खात्यात साडेतीनशे साचे एकाच वेळी धडधडत. त्या आवाजात रोज आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे कान आधी कुरकुर करतात आणि मग एक दिवस हात टेकतात. अप्पांचे अठरा वर्षांत गेले, पण एकदम नाही गेले. आधी चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग दाराची कडी, मग आमच्या आईचा, म्हणजे अव्वाचा, आवाज. उरला फक्त गिरणीचा भोंगा, आणि कानातल्या कानात चोवीस तास किरकिरणारे रातकिडे.

आम्ही गिरणीमागच्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे पडवी. मी नागम्मा, तेव्हा सातवीत, आणि धाकटी काशम्मा तिसरीत. शेजारच्या खोलीत कुणी शिंकलं तर आमच्याकडे कळायचं. अप्पांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायला लागायचं, आणि ओरडलं की ते चाळभर व्हायचं. मीठ संपलं, पाणी आलं, एवढं ओरडून सांगता येतं. पण माहेरी भावजयीशी काय बिनसलं, आपल्या छातीत मधूनमधून का दुखतं, पोरगी आता मोठी झाली, तिला सगळ्यांदेखत ओरडत जाऊ नका, हे कसं ओरडून सांगणार? मग अव्वानं सांगणंच सोडून दिलं. ताट वाढलं की ती अप्पांच्या खांद्याला हात लावायची. ते जेवायला बसायचे. दिवसाचं बोलणं तेवढ्यात संपायचं.

त्यांचा स्वतःचा आवाज मात्र फार मोठा होता. तो किती मोठा आहे हे त्यांना कळायचं नाही. शाळेच्या गॅदरिंगला एकदा त्यांनी मला विचारलं, तुझी येणी कुणी घातली? तीनशे माणसांनी मान वळवून माझी वेणी बघितली. तेव्हापासून त्यांच्याबरोबर बाहेर जायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढायचे. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

अप्पांना तरुणपणी सिनेमाचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशी गिरणीतल्या जोतीरामकाकांबरोबर ते एकही नवा पिक्चर सोडत नसत. लग्नानंतर अव्वालाही घेऊन गेले होते. पण कान गेले तसं तेही सुटलं. कसं सुटलं ते जोतीरामकाकांनी मला पुढे सांगितलं. एका पिक्चरमध्ये सगळं थेटर हसलं. अप्पा इकडेतिकडे बघून, जरा उशिरानं, हसले. जोतीरामकाकांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात वाईट काही नव्हतं, पण अप्पांनी खाली मान घातली, आणि त्यानंतर कितीही वेळा बोलावलं तरी ते आले नाहीत. पाय दुखतात म्हणायचे.

पंचाहत्तर सालच्या जानेवारीत आमच्या शाळेत सूचना निघाली. पेठेतल्या थेटरात आठवडाभर सकाळच्या खेळाला मुलांसाठी एक परदेशी सिनेमा लागणार होता. हातानं काढलेल्या चित्रांचा, म्हणजे कार्टूनचा. पडद्यावर हलणारी चित्रं तोवर आमच्यातल्या कुणीच बघितली नव्हती. वर्गावर्गांतून मुलं न्यायची होती, आणि वीस मुलांमागे घरचं एक मोठं माणूस हवं होतं. आमच्या हिंदुराव गुरुजींनी यादी केली. दिवसा मोकळी असलेली माणसं चाळीत थोडी. अप्पांची त्या महिन्यात दुपारपाळी होती. गुरुजींनी त्यांचं नाव परस्पर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याच हातात दिली.

मी ती चिठ्ठी दोन दिवस दप्तरात ठेवली. पण काशीनं घरी सांगितलंच. अव्वा अक्कलकोटला बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे तिला पुढं करायची सोयही नव्हती. अप्पांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाले की पोरं सांभाळायला कान कशाला लागतात, डोळं हायत की.

त्या सकाळी आम्ही दोन-दोनच्या रांगेनं चालत थेटरात गेलो. अप्पांचं धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल. कपाळाला विभूती. थेटरात पाच शाळांची मुलं होती. मी अप्पांच्या डाव्या बाजूला बसले, काशी उजव्या. गुरुजी पुढच्या रांगेत. मी मनातल्या मनात म्हणत होते की अंधार होऊ दे लवकर.

अंधार झाला आणि पडदा पांढरा, निळा झाला. बर्फाचा देश होता तो. त्यात अस्वलांचं एक कुटुंब, आई, बाप आणि तीन पिल्लं. चित्रं इतकी सुंदर की थेटरभर श्वास ओढल्याचा आवाज झाला. मग अस्वलं बोलायला लागली आणि सगळे गप्प झाले, कारण ती भाषा कुणालाच येत नव्हती. ती इंग्रजीसुद्धा नव्हती. खाली इंग्रजीची बारीक अक्षरं येत होती आणि वाचायच्या आत पळत होती. गुरुजी उभे राहिले आणि आम्हाला वाचून सांगायला लागले. एक ओळ सांगेपर्यंत तीन निघून जायच्या. पोरांची चुळबुळ सुरू झाली. मागं कुणी शेंगांची टरफलं फेकायला लागलं.

पडद्यावर सकाळ झाली होती. आई आणि सगळ्यात धाकटं पिल्लू बर्फाच्या कडेला मासे धरत होती. इतक्यात बर्फाला चीर गेली. ती चीर हळूहळू रुंद होत गेली, आणि ज्या तुकड्यावर ती दोघं उभी होती तो तुकडा समुद्रात निघाला.

काशीनं अप्पांचा दंड धरला. आणि अप्पा तिच्याकडे वाकून, त्यांच्या मते अगदी कानात, बोलले.

"बाप झोपलाय अजून. त्याला ठाव न्हाय. थोरली पिल्ली उठवाया चालली बग."

सगळ्या थेटरानं ते ऐकलं. मी डोळे मिटून घेतले. पण पडद्यावर थोरली पिल्ली खरंच धावत गेली असावी, कारण मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, व्हय की.

अप्पा बोलतच राहिले. त्यांना वाटत होतं, ते फक्त काशीशी बोलताहेत. बाप आता काय करतोय, दार मोडतोय, दाराची होडी करतोय, मधल्या पिल्लाला का रागावलाय, त्याची चूक काय झाली. बोलता बोलता त्यांचे हातही चालत होते, बोटं झरझर फिरत होती. ती बोटं मी घरी कधी पाहिली नव्हती. बॅटरी घेतलेला डोअरकीपर रांगेशी आला आणि उजेड अप्पांच्या तोंडावर मारून म्हणाला, गप्प बसा. अप्पांना ते ऐकू आलं नाही, पण उजेड कळला. ते ओशाळले आणि थांबले.

पडद्यावरची अस्वलं पुन्हा नुसतीच बोलत राहिली. मग दुसऱ्या शाळेची एक मुलगी अंधारातून म्हणाली, "सांगू द्या की त्यांना. आमाला कळत हुतं."

मग चारी बाजूंनी तेच सुरू झालं. डोअरकीपरनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी हात हलवून त्याला जायला सांगितलं. काशीनं अप्पांचा दंड हलवला आणि पडद्याकडे बोट केलं. ते पुन्हा सांगायला लागले.

मध्यंतरानंतरचा एक प्रसंग मला अजून स्वच्छ आठवतो. आई आणि धाकटं पिल्लू बर्फात अडकलेल्या एका जुन्या जहाजात शिरलीत. बाहेर वादळ. पिल्लू काहीतरी विचारतं. आई त्याला कुशीत घेऊन दोन शब्द बोलते. ही ओळ जरा वेळ टिकली, म्हणून गुरुजींना वाचता आली. ते म्हणाले, "आई म्हणते, बाबा वाटेवर आहेत."

अप्पांना गुरुजी ऐकू येत नव्हते. ते आपल्या नादात काशीला सांगत होते.

"बाबा येणार म्हणती. पर तिला ठाव न्हाय ते. लेकरू भिऊ नये म्हणून म्हणती. डोळं बग तिचं."

आम्ही सगळ्यांनी आईचे डोळे पाहिले. ते पिल्लाच्या डोक्यावरून दाराकडे लागले होते. गुरुजी हळूच खाली बसले आणि त्यांनी पुढं एकही ओळ वाचली नाही.

शेवटी बाप आणि दोन पिल्लं दाराच्या होडीवरून जहाजाजवळ येतात. बाप हाका मारतो, पण वारा हाक पोचू देत नाही. तेव्हा थोरली पिल्ली एक तांबडं फडकं काठीला बांधून हलवते आणि जहाजाच्या भोकातून धाकट्याला ते दिसतं. इथं अप्पा बोललेच नाहीत. टॉवेलनं तोंड पुसत बसले. सांगायची गरजही नव्हती.

दिवे लागल्यावर पोरं अप्पांभोवती जमली. त्यांना काही समजेना. मी त्यांच्या समोर उभी राहिले आणि नेहमीसारखी ओरडणार होते. पण त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ते तसं बघतात. मी न ओरडता, सावकाश म्हणाले, "अप्पा, सगळ्यांनी ऐकलं तुमचं." त्यांनी थेटरभर नजर फिरवली. चेहरा एकदम पडला. मग पोरांचे चेहरे दिसले त्यांना, आणि ते टोपी सारखी करत बसले.

घरी येताना मी विचारलं की भाषा येत नसताना एवढं कसं कळलं. ते म्हणाले की साचेखात्यात कुणाला काय ऐकू येतं? तिथं अठरा वर्षं ते ओठ, डोळे आणि बोटं यांवरच बोलत आले होते. जॉबरला, म्हणजे मुकादमाला, हाक मारायची, धागा तुटला सांगायचं, पोरीचं लग्न ठरलं ते सांगायचं, चहाला चल म्हणायचं, सगळ्याच्या खुणा होत्या. अवघं खातं दिवसभर गप्पा मारायचं आणि शब्द एकही उमटायचा नाही. "तितं मी लई बोलका हाय," असं ते म्हणाले. हा माणूस रोज दुपारी घर सोडून बोलायला जातो आणि घरी येऊन मुका होतो, हे मला त्या रस्त्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी थेटरचे मॅनेजर अण्णाराव स्वतः चाळीत आले. आठवड्याचे आणखी पाच खेळ बाकी होते आणि बाकीच्या शाळा विचारत होत्या की तो सांगणारा माणूस असेल का. अप्पा रोज सकाळी गेले. त्यांच्यासाठी पडद्याच्या बाजूला एक खुर्ची ठेवली होती, पण ते बसायचे नाहीत, उभं राहूनच सांगायचे. साच्यापुढं उभं राहायची सवय. मी दोन वेळा शाळा बुडवून गेले. गुरुजींनी तिकडे काणाडोळा केला. शनिवारी जोतीरामकाका आले, मुलांच्या बाकांवर मागं बसले आणि सगळं बघून निघून गेले.

अव्वा अक्कलकोटहून आली तेव्हा काशीनं आणि मी तिला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "त्या खुणा मलाबी शिकव."

पण मलाच कुठे येत होत्या? आम्ही तिघी अप्पांपुढं बसलो आणि त्यांनी आम्हाला शिकवल्या. मूठ उघडून मिटली की पाणी, दोन बोटं कपाळाला म्हणजे सासरचं माणूस, तळहात छातीवरून खाली म्हणजे दमलो. अव्वा सगळ्यांत लवकर शिकली. तिला सांगायचं खूप साठलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी दोघं पडवीत समोरासमोर बसून तासभर हात हलवत होती. शेजारच्या मायाक्का सारख्या डोकावत होत्या आणि त्यांना काही कळत नव्हतं. मला कळत होतं, म्हणून मी आत निघून गेले. अव्वा आधी छातीतल्या दुखण्याचं सांगत होती. मग भांडत होती. सात-आठ वर्षांचं भांडण होतं ते, आणि अप्पा मान खाली घालून मधून मधून व्हय म्हणत होते. पुढच्याच आठवड्यात ते तिला दवाखान्यात घेऊन गेले.

त्यानंतर महिनाभरानं सिनेमाची पेटी बार्शीला गेली. तिथल्या थेटरवाल्याला अण्णारावांनी सांगितलं असावं. बोलावणं आलं. अप्पांनी आपली सुट्टी गाठून यायचं कबूल केलं आणि मला बरोबर घेतलं. एसटीत ते सबंध रस्ताभर बाहेर बघत होते. मी विचारलं, भीती वाटते का. ते म्हणाले, परक्या गावची पोरं.

बार्शीच्या पोरांनी आधी त्यांचा आवाज ऐकून खूप हसून घेतलं. कुणीतरी त्यांची नक्कल केली. अप्पांना ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दिसत होती. मी पुढच्या बाकावर मुठी आवळून बसले होते. बर्फाला चीर गेली आणि हसणं आपोआप थांबलं.

आणि ऐन वादळात वीज गेली. आई आणि पिल्लू जहाजात, बाप समुद्रात, आणि पडदा काळा. त्या काळात वीज गेली की कधी येईल ते सांगता यायचं नाही. अर्धा तास गेला. मॅनेजरनं बाजूची दारं उघडली, उन्हाचे लांब पट्टे आत आले. मास्तर मंडळी मुलांना उठवायला लागली. मुलं उठेनात. मी अप्पांना खुणेनं विचारलं, काय करायचं? त्यांनी खुणेनंच उत्तर दिलं, थांब.

ते पडद्यापुढच्या कट्ट्यावर चढले. मागं पांढरा पडदा, बाजूनं ऊन. ते बाप अस्वल झाले. होडी वल्हवायला लागले. माझे अप्पा, गिरणी आणि चाळ सोडून कुठं न जाणारे, लाटेवर वर जात होते, खाली येत होते, वाऱ्यापुढं वाकत होते. मग वळून आई झाले, पदर नसताना पदर सावरला, पिल्लाला कुशीत घेतलं, आणि दाराकडे बघितलं. नेहमीपेक्षा कमी बोलत होते. पुढं हाक मारायचा प्रसंग आला. तोंडाभोवती हात धरून त्यांनी हाक मारली, पण आवाज काढला नाही. नुसतं तोंड उघडलं आणि वाट बघितली. पुन्हा उघडलं. अडीचशे पोरं बसली होती, एक खोकलं नाही. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, कट्ट्याच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या झाडूच्या दांड्याला बांधला आणि उंच धरला.

"चादर बांधली बगा काठीला," ते म्हणाले. "आमच्या सोलापूरची."

पोरं हसली आणि टाळ्या पिटायला लागली. टाळ्या त्यांना दिसल्या. ते झाडू हातात धरून तसेच उभे राहिले.

वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. पुन्हा असं सांगायला कुणी बोलावलं नाही. तसले सिनेमे आमच्याकडे नंतर फारसे आलेही नाहीत. पण अप्पा जोतीरामकाकांबरोबर पुन्हा थेटरात जायला लागले, आणि कधी अव्वाबरोबरही. उशिरा हसायचे. जोतीरामकाका त्यांच्यासाठी थांबून, बरोबरीनं हसायचे. पुढं गिरणी बंद पडली, आम्ही चाळ सोडून जुळे सोलापूर नावाच्या नव्या वस्तीत आलो. अव्वा आधी गेली. अप्पा नव्व्याण्णव सालापर्यंत होते. कानाचं यंत्र आणून दिलं तर दोन दिवस लावलं आणि काढून ठेवलं. फार गलका होतो म्हणाले.

मी शिक्षिका झाले, करकंबच्या शाळेत बरीच वर्षं होते. तिथं गोजरबाई म्हणून माझ्या बरोबरीच्या एक बाई होत्या, मूळच्या बार्शीच्या. एकदा वर्गात मुलांना गोष्ट कशी सांगावी यावर आम्ही बोलत बसलो होतो. त्या म्हणाल्या, लहानपणी मी एक कार्टूनचा पिक्चर बघितला होता, अस्वलांचा, तसला पुन्हा कधी बघितला नाही. त्या सांगत राहिल्या. वादळ कसं होतं, लाटा किती उंच होत्या, आई कशी दाराकडे बघत होती. आणि शेवटी, त्या म्हणाल्या, ते अस्वल काठीला सोलापुरी चादर बांधतं. निळ्या रंगाची होती, मोर होते तिच्यावर. परदेशातल्या लोकांना आपली चादर कुठून मिळाली असेल हो?

मी म्हणाले, मिळाली असेल कुठून तरी. त्यांनी मला मोर किती होते तेही सांगितलं. मग घंटा झाली आणि आम्ही दोघी तासाला गेलो.